ती मुळी मीच उगाळत होते

वन्सं, तुमचं तेरावं परवा झालं. आलेली माणसं गेली, शेजारून आणलेल्या सतरंज्या परत दिल्या, आणि काल सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "ती मुळी चालू ठेवली असती तर ताई आज असती." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, कपात बघून म्हणाले. पण नलू शाळेत गेली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. ते कोणाला म्हणाले हे कळायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

मी कप उचलून विसळायला गेले. तुम्ही म्हणायचात ना, कमलला उत्तर सुचतं, पण दुसऱ्या दिवशी. तर आज तो दुसरा दिवस आहे. हे विक्रोळीला कामावर गेलेत, नलूच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागे बरीच पानं कोरी आहेत, आणि यांना सांगण्याआधी मला ते एकदा तुम्हाला सांगायचं आहे. काही ठिकाणी तुम्ही मला अडवाल. अडवा.

यांना तुम्ही आईच्या जागी. थोरली बहीण, लहानपणी विधवा झालेली, शिकून मास्तरीण झालेली. तुमच्या पगारावर भाऊ वाढला, आणि मग त्याच्यासाठी कुडाळकडची चौथी शिकलेली मुलगी तुम्हीच पसंत केलीत. का केलीत ते मी चौदा वर्षांत तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणालात, भाकरी गोल होती. दुसऱ्यांदा म्हणालात, जास्त शिकलेली आणली असती तर घरात दोन मास्तरणी झाल्या असत्या आणि अंतूला कानात बोळे घालावे लागले असते. तिसऱ्यांदा नुसत्या हसलात. खरं उत्तर राहिलं ते राहिलंच.

तुमचं बोलणं सोपं नव्हतं. मुलुंडला आल्यावर पहिलं वर्षभर मी तुमच्यासमोर चिंच कोळतानासुद्धा घाबरत होते. हात धुतलेस का, गाळून घेतलीस का, एवढी कशाला घेतलीस. शाळेतल्या पोरींना बोलायचात तसंच घरात. रागाने नव्हे, हे मला पुढे कळलं. चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय तुम्हाला घास जात नसे, तेव्हा माझ्या चुका हे एका अर्थी तुमचं तोंडीलावणंच होतं.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शाळेचा जिना चढताना तुम्हाला घेरी आली आणि नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधून पारा वर चढवला, आणि उतरताना कानाने काहीतरी ऐकत राहिले. रक्तदाब फार आहे म्हणाले. चिठ्ठी लिहून दिली. एक गोळी, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, आणि मीठ कमी. तुम्ही विचारलंत, किती दिवस? ते म्हणाले, दिवस मोजू नका. तुम्हाला ते उत्तर आवडलं नाही. जे मोजता येत नाही त्याला तुम्ही अभ्यासक्रमात धरत नसायचात.

पहिला महिना आपण ते औषध चुकीचंच घेतलं. "आपण" म्हणते, कारण बाटली माझ्या फळीवर होती. डोकं दुखलं की तुम्ही गोळी घ्यायचात, नाही दुखलं की नाही. चतुर्थीला घ्यायची नाही, एकादशीला घ्यायची नाही, कारण गोळीवर साखरेचा लेप आहे आणि तो कसला कोण जाणे. डोकं थांबलं नाही की म्हणायचात, औषधात दम नाही. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि तुम्हाला म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गात ज्या दिवशी डोकं दुखेल त्याच दिवशी शिकवता का?" मला हसू आलं ते मी पदरात लपवलं. मग त्यांनी समजावलं. ही गोळी डोकेदुखीवर नाही. ही आत हळूहळू साठते, तिचं काम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. दाब वाढला तरी कळत नाही, उतरला तरी कळत नाही, म्हणून बरं वाटो न वाटो, उपास असो नसो, रोज घ्यायची. सोडायची तर विचारून सोडायची. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. घरी येईपर्यंत मनात तेवढंच म्हणत आले, पाठांतरासारखं. त्या दिवसापासून तुमच्या गोळ्या माझ्या हाती आल्या. तुम्ही म्हणालात, "आता हिच्या हातून प्रसाद घ्यायचा."

पण त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितली. ही गोळी विलायती आहे का? ते म्हणाले, नाही, आपल्याकडच्या सर्पगंधेपासून काढलेली आहे, आणि आता विलायतेचेच लोक ती वापरतात. तुमची मान केवढी ताठ झाली. वाटेत भेटेल त्याला सांगत आलात. आमच्या गावच्या रानातलं औषध साहेब घेतो म्हणे. आणि त्याच आठवड्यात गावी मामेभावाला पत्र गेलं.

श्रावणात कोणाबरोबर तरी ते गाठोडं आलं. पिवळट, वाकडी मुळं, मातीचा वास अजून गेलेला नव्हता. तुम्ही यांना नीट समजावून सांगितलंत. गोळी हे सार आहे आणि मुळी हे मूळ आहे. दोन्ही एकाच घरची, तेव्हा भांडायची नाहीत. उलट एकमेकींना मदत करतील. हे म्हणाले, बरोबर आहे. मला काही बरोबर-चूक कळलं नाही, मला सहाण दिली गेली. रोज दिवेलागणीला मी ती मुळी दुधात उगाळायची आणि तुम्ही डोळे मिटून प्यायचात. कडू जहर. पिऊन झाल्यावर म्हणायचात, एवढी कडू आहे म्हणजे गुण असणारच.

वन्सं, ती मुळी मीच उगाळत होते. डॉक्टरांना सांगायला हवं, हे तेव्हा आपल्या तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. डॉक्टरांचं औषध ते औषध. गावचं ते घरचं. घरचं काय सांगायचं, असंच आपल्याला वाटायचं.

पारा उतरला. डॉक्टर खूश, हे खूश. तुमचं नाक चोंदायला लागलं. आपण पावसाळा म्हटलं, अडुळशाचा काढा केला. तुम्हाला दुपारी झोप यायला लागली. आपण वय म्हटलं. आणि मग तुम्ही हळूहळू बोलेनाशा झालात.

इथे मला ते सांगायचं आहे जे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. मला ते आवडलं, वन्सं. पहिले काही आठवडे मला फार आवडलं. भाकरी करपली, कोणी काही म्हणालं नाही. दूध उतू गेलं, कोणी काही म्हणालं नाही. मी स्वयंपाकघरात गाणं गुणगुणायला लागले, दहा वर्षांनी. हे रात्री जेवताना म्हणाले, औषधाने ताईचा स्वभावसुद्धा उतरला बघ. मी हो म्हटलं. शेजारच्या म्हणाल्या, तुमच्या वन्सं अगदी देवमाणूस झाल्या हो आता. मी त्यालाही हो म्हटलं. तुम्ही खिडकीशी खुर्चीवर बसलेल्या असायचात, पलीकडे मिठागरांकडे तोंड करून, आणि मी मागून खुशाल गाणं म्हणत केर काढायची. तुम्ही असताना हे बोलायचा धीर झाला नाही. आता लिहून टाकते. तुम्ही रागवाल, पण मला वाटतं, तुम्हाला ते तेव्हाच ठाऊक होतं.

मग एक दिवस नलू पाढे म्हणत होती. तेराचा पाढा. तेरा साती ब्याण्णव, म्हणाली, आणि पुढे गेली. मी पोळी लाटायची थांबले. घरात तेराचा पाढा चुकला होता आणि तुम्ही दोन हातांवर बसला होता. मी वाट पाहिली. नलूनेही वाट पाहिली, तिलासुद्धा आपण काहीतरी चुकलो असं वाटलं असावं, कारण तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मिठागरांकडे बघत होता. शेवटी मीच आतून म्हटलं, एक्क्याण्णव. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्या दिवशी दुपारी मी तुमच्यापाशी येऊन बसले. काही विचारलं नाही. बराच वेळ गेला आणि तुम्ही आपणहून म्हणालात, "कमल, सकाळी उठायचं कशासाठी, ते मला आठवत नाही गं." सांगण्यात रडू नव्हतं, राग नव्हता. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, असं सांगावं तसं. मी घाबरले ते त्यामुळेच.

संध्याकाळी सहाण मांडली. मुळी हातात घेतली. आणि तेव्हा मला दिसलं, इतकं सरळ की आधी कसं दिसलं नाही याची लाज वाटावी. दिवसातून तीन गोळ्या म्हणजे तीन. मी चौथी उगाळतेय. नव्हे, चौथी की पाचवी की आठवी, कोणाला ठाऊक, कारण गोळी मोजून केलेली असते आणि ही मी मनाने घासते. कधी पातळ, कधी दाट. ज्या दिवशी तुमच्यावर माया जास्त त्या दिवशी दाट. त्या संध्याकाळी मी नुसतं दूध दिलं. तुम्ही प्यायलात आणि कडू नाही हेसुद्धा बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. यांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर हे म्हणाले असते, दाब उतरलाय ना, मग? एकटी मी तोवर पाण्याच्या नळापलीकडे गेले नव्हते. बाकावर सगळी अनोळखी माणसं. कंपाउंडरने नाव विचारलं तर मी तुमचंच सांगितलं. दोनदा उठले. तिसऱ्यांदा उठले आणि नाव पुकारलं गेलं, मग आतच जावं लागलं.

डॉक्टरांनी बसा म्हटलं. मी उभ्यानेच रुमाल सोडला आणि मुळीचा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"सर्पगंधा. गावाहून आली आहे. वन्संना रोज उगाळून देते."

"गोळ्यांच्या ऐवजी?"

"गोळ्या घेऊन वर."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "म्हणजे चार महिने तुम्ही घरी माझंच औषध दुप्पट करताय, आणि पारा उतरला म्हणून मी इथे स्वतःची पाठ थोपटतोय."

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. त्यांचं गप्प होणं याच्यामुळे आहे का? गप्प म्हणजे कसं, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मग मी पाढ्याचं सांगितलं. आणि दुपारी तुम्ही बोललात ते जसंच्या तसं सांगितलं. ते एकदम सरळ बसले. झोप कशी, जेवण कसं, रडतात का, जीव नकोसा झाला असं काही म्हणतात का, एकेक विचारत गेले. मी एकेकाचं उत्तर दिलं. वन्सं, मी त्या दिवशी किती बोलले ते तुम्हाला सांगून खरं वाटलं नसतं.

त्यांनी मला सांगितलं ते असं. हे औषध अंगातली ताणलेली दोरी सैल करतं, म्हणून रक्ताचा जोर कमी होतो. त्याच्यानेच नाक चोंदतं, सुस्ती येते. पण काही माणसांत ते मनही सैल करून खाली ओढतं. जास्त झालं तर जास्त, आणि एखाद्याला तर बेताचंसुद्धा सोसत नाही. त्यात आजाऱ्याचा दोष नसतो आणि स्वभावाचा तर नसतोच. म्हणाले, "माझं यंत्र दंडाला बांधायचं आहे. पाढे त्याला ऐकू येत नाहीत. ते तुम्हीच ऐकायचे आणि मला येऊन सांगायचं." आणि निघताना, "यापुढे घरात त्या जे काही घेतील, काढा, चाटण, कोणाचा अंगारा, सगळं मला सांगायचं. घरचं म्हणून वगळायचं नाही."

मुळी त्याच दिवशी बंद झाली. गोळ्याही त्यांनी काही दिवस थांबवल्या आणि स्वतः घरी येऊन दाब बघत राहिले. मग अर्ध्या गोळीवर आणलं. हे माझ्यावर चिडले. पारा जागेवर आला असताना सुखाचा जीव दुःखात घातलास म्हणाले. तुम्ही समोर बसला होता. एरवी भावाने बायकोवर आवाज चढवला की तुम्ही त्याला "अंतू, वर्ग भरलेला नाही" असं म्हणायचात. त्या दिवशी काही म्हणाला नाहीत, आणि तेवढ्यानेच माझी खात्री झाली की मी केलं ते बरोबर केलं.

लगेच काही झालं नाही. औषध जसं सावकाश चढतं तसंच सावकाश उतरतं. तीन आठवडे गेले, चौथा लागला. हे रोज माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायची. मग एका सकाळी जेवायला बसलो आणि तुम्ही पहिला घास घेऊन म्हणालात, "कमल, या वरणात मीठ घातलंयस, की नुसती मिठागरावरून फिरून आलीस?"

हे म्हणाले, झालं सुरू. मी डाव ठेवला आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तुम्ही आतून ओरडलात, पळालीस कुठे, ताक कोण वाढणार? मला हसू आवरेना आणि डोळे थांबेनात. लग्न होऊन आल्यापासून तुमचं एवढं गोड बोलणं मी ऐकलेलं नव्हतं.

तुम्ही माझे आभार मानले नाहीत. चोरून गेलीस, एवढंच म्हणालात. पण त्यानंतर दवाखान्यात जाताना एकटं जाणं तुम्ही सोडलंत. आत गेल्यावर डॉक्टरांनी काही विचारलं की माझ्याकडे बोट करून म्हणायचात, हिला विचारा, माझा जमाखर्च हिच्याकडे असतो. मी बोलायची. आधी पुटपुटायची, मग नीट बोलायला लागले. बाकावरच्या बायका मला विचारायला लागल्या, ही गोळी जेवणाआधी की नंतर, उपासाला चालते का, बरं वाटल्यावर बंद करू का. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगायची, आणि पुढचं डॉक्टरांना विचारा म्हणायची. तुम्ही बाजूला बसून पर्स घट्ट धरून समोर बघत असायचात. एकदा माझं काहीतरी चुकलं तर तिथेच सगळ्यांसमोर दुरुस्त केलंत.

आता आपलं भांडण.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दाब पुन्हा चढायला लागला. अर्धी गोळी पुरेना. डॉक्टरांनी दुसरं एक औषध देऊन पाहिलं, तर उभं राहिलं की तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग ते म्हणाले, पहिल्या गोळ्या वाढवाव्या लागतील. मन पुन्हा खाली जाईल का ते सांगता येत नाही, कदाचित जाणारही नाही. नाही वाढवल्या तर धोका आहे, तोही सांगता येत नाही केव्हा. दोन्ही तुमच्यासमोर ठेवून ते थांबले. तुम्ही नाही म्हणालात. लगेच. हिशोब आधीच करून ठेवल्यासारखं.

येताना तुम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलात. मी उभी राहून भांडले. म्हटलं, थोडी वाढवून बघू. आता मला खुणा ठाऊक आहेत. पहिला पाढा चुकला की मी धावत येईन. मी लक्ष ठेवीन.

तुम्ही म्हणालात, "तू ठेवशील गं. पण त्या खुर्चीत बसायचं मला आहे."

मी म्हटलं, यांना सांगते मग.

"अंतूला सांगू नकोस. तो रडेल, आणि मग मी गोळी घेईन."

"म्हणजे मी गप्प बसायचं."

"ते तुला येतं," म्हणालात, आणि उठलात.

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. नंतर मी जे हातात होतं ते केलं. अर्धी गोळी एक दिवस चुकू दिली नाही, लोणचं आणि सुकट कुलपात ठेवली, संध्याकाळी तुम्हाला चालायला नेलं, आणि तुम्ही वाटेत पापडवाल्याशी बोलायला थांबलात की हात धरून ओढलं. वन्सं, तुमचंच बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पाव गोळी वाढवून बघायला हवी होती. पाव. तुम्ही तेवढंही ऐकलं नाहीत, आणि आता माझ्याशी भांडायला तुम्ही नाही. पण ते ठरवणं तुमचं होतं. गोळी पोटात तुमच्या जात होती आणि काळोख तुमच्या मनात होत होता. मी फक्त दाराशी उभी असायची.

मग त्या मंगळवारी सकाळी नलूची वेणी घालताना तुमचा उजवा हात खाली पडला. वेणीचे दोन पेड झाले होते, तिसरा सुटा राहिला. डॉक्टर आले तोवर तुम्हाला बोलता येत नव्हतं, आणि दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

बाराव्याला डॉक्टर भेटायला आले तेव्हा मी त्यांना दाराशी गाठून सरळ विचारलं. मुळी चालू राहिली असती तर वाचल्या असत्या का? त्यांनी मला गोड बोलून घालवलं नाही. म्हणाले, "कदाचित आणखी काही दिवस काढले असते. कदाचित त्या खुर्चीतच आधी संपल्या असत्या. मला ठाऊक नाही. पण तुम्ही आला नसतात तर मी त्यांना तसंच बुडू दिलं असतं, हे मला ठाऊक आहे."

तेव्हा मीही तेवढंच जाणते. आणखी किती वर्षं जगला असतात, ते मला सांगता येत नाही. पण मुळी बंद केल्यावरची सव्वादोन वर्षं तुम्ही घरात होता. नलूचे तीसपर्यंतचे पाढे, मला पत्र लिहायला शिकवणं, शेजारच्यांच्या सुनेला नवऱ्याच्या मारातून सोडवून आणणं, यांच्या साहेबांना घरी चहाला बोलावून सुनावणं, हे सगळं त्या सव्वादोन वर्षांतलं आहे. त्याआधीच्या चार महिन्यांतलं मला एकसुद्धा वाक्य आठवत नाही. फक्त ते एक आठवतं.

इथवर लिहून वही मिटली होती. आता पुन्हा उघडली, कारण यांच्याशी बोलणं झालं.

हे कामावरून आले, चहा झाला, नलू खाली खेळायला गेली. मी समोर बसले आणि सांगितलं. कठड्यावरचं सगळं, तुमच्या शब्दांत. तुम्ही नको म्हणाला होता, पण ते तुम्ही असेपर्यंतचं होतं असं मी धरलं. आता हे रडले तरी तुम्हाला गोळी घ्यावी लागणार नाही.

यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

मी म्हटलं, "तुम्ही रडाल म्हणून. आणि त्या गप्प झाल्या होत्या तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं म्हणूनही असेल. मलाही वाटलं होतं."

यांनी रिकामा कप बाजूला सारला. मला वाटलं उठून जातील. ते उठले नाहीत. म्हणाले, "तू तरी गेलीस डॉक्टरकडे." आणि मग रडले, तुम्ही म्हणाला होता तसेच, लहान मुलासारखे, नाक वर ओढत. मी जवळ बसून राहिले.

नंतर यांनी डोळे पुसले आणि विचारलं, ताई तुझ्यापाशी माझ्याबद्दल काय काय बोलायची? मी म्हटलं, राहू द्या. नाही, सांग म्हणाले. मग मी सांगितलं. साहेबापुढे मान खाली घालता ते, तिसरीत भूगोलाची वही लपवली होती ते, मुलगी झाली म्हणून तोंड पाडलं होतं आणि तुम्ही त्यांना बाहेर ओट्यावर नेऊन काय म्हणालात ते. तुमचा आवाज काढून सांगितलं. हे मध्येच हसायचे, मध्येच म्हणायचे, असं म्हणाली? मी म्हणायची, असंच. दिवेलागण झाली, नलू वर आली, तीही पायाशी येऊन बसली. जेवणाची पानं मांडेपर्यंत मीच बोलत होते.